दारावरची आठवी ओळ

गोंदिया, ४ मार्च १९३६

श्रीयुत ईश्वरदास बकारामजी टेंभरे,
मुक्काम दवनीवाडा, यांस

मायना कोणता लिहावा ते दोन दिवस ठरेना, म्हणून कचेरीत लिहितात तसा लिहिला. अक्षर तू ओळखलं असशीलच. दगडी पाटीवर माझा हात धरून तूच ते गिरवून घेतलं होतंस, आणि 'ध' चुकला की कान पिळत होतास. तो 'ध' आता बरा येतो.

मुद्दाम लिफाफा घेतला, कार्ड घेतलं नाही. कार्ड टाकलं असतं तर तुझ्या हाती पडायच्या आधी अर्ध्या गावानं वाचलं असतं, आणि गावानं माझ्याबद्दल वाचायचं ते सात वर्षांपूर्वीच वाचून टाकलं आहे.

तुझ्या शामकलेचं पत्र आलं. तिच्यावर डाफरू नको. वैशाखात लग्न आहे, आत्या, तू ये, एवढंच पोरीनं लिहिलं आहे. आता आत्याला नेवता बापाकडून येतो, पोरीकडून नाही, हे मलाही कळते. म्हणून मी येणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुला मांडवात माझ्या वाटेकडे पाहत बसायला नको.

पण एका गोष्टीसाठी लिहावंच लागलं. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. घरचा वडील माणूस हयात नसला तर लग्नात त्याचा पाट मांडायचा, पाटावर त्याचं पागोटं ठेवायचं आणि पहिली हळद त्या पागोट्याला लावायची. माझ्या लग्नात आजोबांचं पागोटं होतं. मी आजोबांना पाहिलं नव्हतं. हळद लावताना मला वाटलं होतं की आपण एका फडक्याच्या पाया पडून राहिलो, आणि त्याबद्दल मला पुष्कळ दिवस वाईट वाटत होतं.

शामकलेच्या लग्नात बाबांचं पागोटं असेल. तर ऐक. बाबांचा फोटो आहे.

हो, बाबांचाच. जन्मभर कोणाच्या यंत्रासमोर न बसलेल्या बाबांचा. माझ्याजवळ आहे, काचेवर आहे. कागदावर तो मी अजून उतरवला नाही, पण एका दुपारचं काम आहे. तुला हवा असेल तर देईन. अट एकच. स्वतः ये. गडी धाडू नको. माझं काम चालू असलं तर ते संपेपर्यंत दाराबाहेर थांब, आणि मग घेऊन जा.

घर शोधायला त्रास नाही. स्टेशनच्या अलीकडे उतरून कोणालाही विचार, धनवंताबाईचा फोटोवाला दुकान कुठं. लहान पोरंही सांगतात.

धनवंता


गोंदिया, १७ मार्च १९३६

ईश्वरदास बकारामजी यांस,

गडी धाडू नको लिहिलं होतं, तर तू गडीच धाडलास. काऊन? तुझे पाय मोडले काय?

जागेश्वर गेल्या आठवड्यात आला. वीस वर्षं आपल्या घरचं मीठ खाल्लेला माणूस, त्याला मी काय बोलणार. डोक्यावर चिन्नोर तांदळाचं गाठोडं आणि तोंडात तुझा पाठ करून आणलेला निरोप, की बाईनं काच द्यावी. तांदूळ घेतला. काच दिली नाही. त्याला जेवू घातलं, शामकलेसाठी एक लुगडं दिलं आणि परत पाठवलं. लुगडं पोचलं असेल. तू ते तिला दिलंस की नाही तेवढं तिच्याकडून मला कळेलच.

पण जागेश्वरनं जायच्या आधी पराक्रम केला. मी आत खोलीत काम करत होती. त्याला वाटलं, बाईला उशीर होऊन राहिला, सूर्य कलला, गाडी जुंपायची आहे. कडी ढिली होती. त्यानं खांद्यानं दार लोटलं आणि म्हणाला, बाई, मी निघतो. झालं. आत दिवसाचा उजेड घुसला आणि रेल्वेच्या हॉकीवाल्यांच्या तीन काचा काळ्या पडल्या. अख्खा संघ पुन्हा बोलवावा लागला, आणि तोवर त्यांचा गोलकीपर बिलासपूरला बदलून गेला होता. त्याच्या जागी एका गार्डाला उभं केलं. तोच आता त्या फोटोत छाती काढून उभा आहे.

जागेश्वरचा दोष नाही. दारावर लिहिलं आहे, पण ते इंग्रजीत आहे. मोशाय होते तेव्हापासूनच आहे, डार्करूम. मोशाय कोण ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तू त्यांचं नाव कधी धड घेतलं नाहीस. घोषालमोशाय, रेल्वेतून निवृत्त झालेले बंगाली म्हातारे, ज्यांच्या घरी बाबांनी स्वतः मला आणून सोडलं. विधवा पोरगी चुलीपुढं बसून कुढते, त्यापेक्षा काही हुनर शिकेल, असं बाबा म्हणाले होते. मोशायच्या बायकोला, आम्ही तिला माँ म्हणतो, पडद्यातल्या बायांचे फोटो काढताना मदतीला बाई हवी होती. सहा वर्षांपूर्वी मोशायचे डोळे गेले तेव्हा ते दोघं मुलाकडे खरगपूरला गेले, आणि जाताना दुकान, यंत्र, खोली सगळं मला देऊन गेले. आज अडत्यांच्या घरच्या बाया, मौलवीसाहेबांच्या घरच्या, मारवाड्याच्या चार सुना, सगळ्या माझ्याच यंत्रासमोर तोंडावरचा पदर वर करतात. दुसऱ्या फोटोवाल्याला त्यांची पायाची बोटं दिसत नाहीत.

तर काल ठरवलं, दारावर मोठी पाटी रंगवायची. ही अंधारी खोली आहे, दार उघडू नये, असं गोंदियाच्या प्रत्येक माणसाला वाचता येईल असं. इथं स्टेशनमुळे किती मुलखांची माणसं गोळा झाली आहेत ते तुला ठाऊक आहे. मग काय, सकाळपासून जो येईल त्याला विचारत सुटली, तुमच्यात याला काय म्हणता.

पाटी रंगवणारा हिरालाल म्हणाला, हमारे यहाँ अंधेरी कोठरी. त्यानं ते सांगतानाच डबा उघडून रंग ढवळायला घेतला. मौलवीसाहेबांनी कागदावर सुंदर उर्दूत लिहून धाडलं, तारीक कमरा. तंबाखूवाल्या सेठची बायको म्हणाली, अंधारियो ओरडो, आणि 'ओरडो' ऐकून मी हसली तर तीही हसली. तेलुगू फायरमनची बायको चीकटी गदी म्हणते. बंगालीतलं मला येतच होतं, माँ म्हणायची, अंधकार घर. तिच्या तोंडून ते 'ऑंधोकार घॉर' असं यायचं. धानाच्या गिरणीवरच्या छत्तीसगढी बाया आल्या, त्या म्हणाल्या, अंधियारी कुरिया. त्यांना वाचता येत नाही, पण पाटीवर आपलं नाव पाहिजेच म्हणून अडून बसल्या. लिहिलं. काचांच्या डब्यातल्या कागदावर जर्मनांचाही शब्द आहे, डुंकेलकामर. तोही टाकायचा मोह झाला, पण गोंदियात जर्मन येणार कोण.

इंग्रजी धरून सात ओळी झाल्या. आठवी आपली. हिरालाल कुंचला घेऊन उभा, बोला बाई, तुमच्यात काय म्हणतात. आणि दादा, माझ्या तोंडून शब्द निघेना. मराठी शाळेचा मास्तर जवळच होता, तो म्हणाला तमोगृह लिहा. मी म्हटलं, मास्तर, हे वाचून लोक आत पूजा करायला शिरतील. अंधारी खोली लिहायला काय लागत होतं? पण ते दोन शब्द आपल्या गावानं माझ्या अंगावर फेकले होते. टेंभऱ्यांची पोरगी अंधाऱ्या खोलीत सापडली. तेच माझ्या हातानं माझ्या दारावर लिहू?

आठवी ओळ कोरी ठेवली आहे. तू कागदावर चुकून दादा लिहिलेलं पाहिलंस. खोडत नाही, राहू दे.

धनवंता


गोंदिया, ३० मार्च १९३६

दादा,

तुझं उत्तर नाही. जागेश्वरही नाही. परवा बांगड्यावाली दवनीवाड्याहून आली होती, तिच्याजवळ वहिनीचा निरोप आला. माझं पत्र तू वहिनीला वाचून दाखवलं नाहीस, पण फाडलंही नाहीस, पागोट्याच्या पेटीत ठेवलंस. पेटी कोणाच्या पागोट्याची ते वहिनीनं सांगितलं नाही, आणि मला विचारायची गरज पडली नाही.

म्हणून आज ते लिहिते, जे लिहिणार नव्हती.

सात वर्षांपूर्वी, पौषात, बाबा धान घेऊन गोंदियाला आले होते. गिरणीवर गाडी सोडून दुपारी माझ्याकडे आले. न्हाव्याकडून मिशी नीट करून आले होते. मला म्हणाले, मला त्या यंत्रासमोर बसव. मी चाटच पडली. फोटोनं आयुष्य कमी होते म्हणून जत्रेत यंत्रवाल्याकडे पाठ करून बसणारा माणूस. मी विचारलं, काऊन बाबा, आता काय झालं? तर म्हणाले,

"आयुष्य राहिलंच किती. शामकलेच्या लग्नात मी नसन. पागोट्याखाली तोंड तर पाहिजे. ईश्वरदासले सांगू नको, तो हसन. लग्नात पाटावर ठेवजो."

शामकला तेव्हा दहा वर्षांची होती. मी बाबांना बसवलं, मोशायनी फोटो काढला. बाबा सगळा वेळ श्वास धरून बसले होते. झालं म्हटल्यावर असे खोकले की माँ पाणी घेऊन धावली.

त्याच संध्याकाळी मोशायना ताप भरला. काच तशीच डब्यात राहिली. तिसऱ्या दिवशी मोशाय मला अंथरुणातून म्हणाले, बेटी, आता तूच कर, तुला सगळं येते. तोवर मी एकही काच एकटीनं धुतली नव्हती. पहिली काच माझ्या बापाची. हात धुतले, देवाचं नाव घेतलं, आत गेली, कडी लावली, लाल कंदील लावला आणि काच फोटो उमटवायच्या दवेत टाकली.

आणि तू आलास.

तू काय पाहिलंस ते मी नंतर हजारदा पाहिलं आहे. पायरीवर मोशायचे जोडे. दार आतून बंद. तू म्हणालास, "धनवंता, दार उघड." मी म्हटलं, "दहा मिनिटं थांब दादा, आत्ता उघडता येत नाही." मग तू दोनदा दार ठोकलंस. आणि मी आत हसली. ते हसणं तू ऐकलंस. तू गावासमोर हेच सांगितलंस की ती आत हसत होती, आणि ते खरं आहे. मी हसत होती.

आता का हसली ते ऐक. काचेवर सगळं उलटं येते, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. बाबांच्या पांढऱ्याशुभ्र मिशा माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू काळ्याभोर उमटून राहिल्या होत्या. वीस वर्षांचा नवरदेव दिसत होते बाबा. आणि मिशीचं एक टोक वर, एक खाली, न्हाव्यानं वाकडी केलेली. मला वाटलं, अर्ध्या घडीत दार उघडीन, दादाला काच दाखवीन, तोही पोट धरून हसेल, बाबांचं गुपित गेलं तर गेलं. त्या आनंदात हसली.

मोशाय आत नव्हते दादा. ते मागच्या खोलीत तापानं फणफणले होते, माँ त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. ते जोडे तिथं तीन दिवसांपासून तसेच पडले होते, कारण त्यांना उठवतच नव्हतं. दहा पावलं मागं गेला असतास तर दिसलं असतं. तू मागं गेला नाहीस. मी काच धुऊन बाहेर आली तेव्हा रस्त्यावर तुझ्या गाडीची धूळ होती.

बाबा त्या सकाळी गेले होते. तू मला न्यायला आला होतास. आणि दाराबाहेरून तेवढं एक वाक्य तू बोलला नाहीस.

मला तिसऱ्या दिवशी बाजारात कळलं. मी पायी निघाली, दवनीवाड्याला पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. तू ओसरीवर उभा राहून म्हणालास, "आमच्या घरी बहीण नाही." मी आंगणातूनच परत फिरली. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. टेंभऱ्यांची अक्कड दोघांतही सारखीच आहे.

आज सांगितलं.

तुझी बहीण
धनवंता


गोंदिया, १४ एप्रिल १९३६

दादा,

वैशाख आठ दिवसांवर आला. हे पत्र मी रागानं लिहीत नाही. आधीच सांगते, नाहीतर तू लिफाफा पाहूनच तोंड फिरवशील.

मागच्या पत्रात मी तुझ्या चुका मोजल्या. माझी एक सांगायची राहिली. ती काच माझ्याजवळ सात वर्षं आहे. बाबांनी मला सांगितलं होतं की पाटावर ठेवजो, आणि मी ती पेटीत मखमलीत गुंडाळून ठेवली, कागदावर उतरवली नाही, कोणाला दाखवली नाही. कायले? कारण तू मला बाबांचं तोंड शेवटचं पाहू दिलं नाहीस. मग मी तुला बाबांचं तोंड कायले दाखवू? असा हिशोब होता माझा. मनात येई, एक दिवस हा माझ्या दाराशी येईल, ताटकळत बसेल, मग देईन. लोकांच्या बाया माझ्यापुढं पदर वर करतात आणि मी माझ्या बापाला पदराआड ठेवलं. हे लिहायला मला फार जड गेलं.

काल रात्री नाही, काल भर दुपारी एक गोष्ट आठवली, आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर आलं.

बाबा फोटोला बसले त्या दिवशी त्यांना ती खोली पाहायची होती. मी आत नेलं. लाल कंदील दाखवला, तबकं दाखवली. सांगितलं की काच दवेत असली की उजेडाचा एक किरणही आत येऊ द्यायचा नाही, कोणीही बोलावलं तरी दार उघडायचं नाही, घाई केली की सगळं जाते. बाबांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले,

"म्हणजे बियाण्याचं गाठोडं म्हण ना. मोड येईपर्यंत सोडायचं नाही."

तुला आठवते? धानाचं बी भिजवून पोत्यात बांधायचं, वर पेंढा टाकून माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडपून ठेवायचं, आणि मोड फुटेपर्यंत गाठ सोडायची नाही, वारा लागू द्यायचा नाही. घरात सगळ्यांना ताकीद. तू आठ वर्षांचा होतास, मी पाचची. आत काय होते ते पाहायला तू गाठ सोडलीस. अर्धं बी वाळून गेलं. मला वाटलं, आता बाबा तुला झोडपतील. त्यांनी हात लावला नाही. दुसरं गाठोडं बांधलं आणि तुलाच त्याच्या राखणीला बसवलं. दोन दिवस. जेवण तिथंच, झोप तिथंच. मी जवळ आली तर तू माझ्या हातावर फटका मारलास आणि म्हणालास, मोड येऊन राहिले, हात लावायचा नाही.

तोच माणूस माझ्या दाराशी दहा मिनिटं थांबला नाही, याचंच मला इतकं लागलं होतं. पण मला हेही कळलं की त्या दिवशी तुझ्या घरात बाप मरून पडला होता. अशा वेळी दहा मिनिटं कोणाला थांबवतात? मीच असती तर दार फोडलं असतं.

तर अट मागे घेते. येऊ नको. थांबू नको. दोन-चार दिवसांत मी बाबांना कागदावर उतरवते, चौकटीत बसवते आणि गिरणीवर येणाऱ्या तुमच्या गावच्या गाडीनं धाडून देते. पाटावर पागोट्याच्या खाली उभा करून ठेव. पहिली हळद शामकलेच्या हातानं लाव. मिशी एका बाजूनं वर आहे, ती तशीच आहे, माझ्या हाताची चूक नाही.

बाबांचं काम झालं म्हणजे माझं झालं. नेवत्याची मी वाट पाहत नाही. पाहते, पण तू त्याचा भार घेऊ नको.

तुझी
धनवंता


गोंदिया, १९ एप्रिल १९३६

ईश्वरदासदादा,

काल तू होतास तेव्हा मी चारच वाक्यं बोलली. तूही काही बोलका नाहीस. शेवटी लिहूनच सांगावं लागते, सवय झाली.

मी दार उघडलं आणि समोर तू. पहिलं काय मनात आलं सांगू? म्हातारा झाला हा. केस पिकले, खांदे बाबांसारखे पुढं आले. तुझ्या शेल्याच्या टोकाला काहीतरी बांधलेलं होतं. मी विचारलं नाही. तूही राम राम केला नाहीस. मी एवढंच म्हटलं, "आत काम आहे. थांबशील?" तू जोडे काढून मोशायच्या जोड्यांच्या जागेवरच ठेवलेस आणि बाकावर बसलास. ती जागा तुला नेमकी आठवत होती.

मी आत गेली, कडी लावली. लक्ष बाहेरच्या बाकाकडे होतं, म्हणून पहिला कागद उजेडाखाली जास्त वेळ राहिला, बाबा कोळशासारखे आले. फेकला. दुसरा घेतला. तो दवेत टाकला आणि बाबांच्या कपाळाची रेघ दिसायला लागली, एवढ्यात बाहेर बूट वाजले. आवाज ओळखीचा, तोच गार्ड, गोलकीपरच्या जागी उभा राहिलेला. त्याला गाडी गाठायची होती आणि फोटो आत्ताच पाहिजे होता. पाटीवर सात भाषा रंगवल्या तरी त्याला एकीतही वाचायला फुरसत नाही. म्हणाला, बाईजी, दरवाजा खोलो, आणि त्याचा हात दारावर पडलेला मला आतून ऐकू आला.

मी ओरडणारच होती. तेवढ्यात तुझा आवाज आला.

"थांबा जी. अंदर मोड येऊन राहिले. दार उघडता येत नाही."

गार्ड म्हणाला, क्या आ रहा है? तू म्हणालास, "मोड. समजत नसन तर बसा इथं माझ्याजवळ."

आणि तो बसला दादा. रेल्वेचा गार्ड, ज्याच्या हिरव्या झेंडीवर गाडी हलते, तो तुझ्याजवळ बाकावर मुकाट्यानं बसला.

मी आत खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. किती वेळ ते ठाऊक नाही. उठली तोवर दुसरा कागदही दवेत काळा होऊन गेला होता. तू बाहेर म्हणत असशील, एका फोटोला हिला किती वेळ लागते. दोन कागद वाया गेले म्हणून वेळ लागला, दोन्ही मी ठेवून घेतले आहेत. तिसरा मात्र नीट आला. बाबा जसे होते तसे. मिशा पांढऱ्या, एक टोक वर, आणि श्वास धरलेला.

दार उघडलं तर तू अजून बसलेला. गार्ड घड्याळ पाहत होता, पण तोही बसलेला. ओला कागद मी तुझ्यापुढं धरला. तू जवळ वाकून पाहिलंस. मग म्हणालास, "मिशी वाकडी आहे." मी म्हटलं, न्हाव्याला सांग. तू हसलास, आणि हसता हसता तुला रडू आलं, आणि मग तू ते बोललास, जे मी सात वर्षं ऐकायला टपली होती आणि ऐकलं तेव्हा मला सहन झालं नाही.

"त्या दिवशी मी थांबायले पाहिजे होतं, धनवंता."

मी म्हटलं, "मी तिसऱ्याच दिवशी सांगायले पाहिजे होतं." बस, एवढंच. आणि तू शेल्याची गाठ सोडलीस, नेवत्याचे पिवळे तांदूळ माझ्या ओंजळीत टाकलेस, आणि वैशाख शुद्ध सप्तमीला यावं असं बाबांच्या आवाजात म्हणालास. गार्डानंही हात पुढं केला, त्यालाही चार दाणे दिलेस. तो खरंच येईन म्हणतो आहे.

तू निघालास तेव्हा उन्हं उतरली होती. बाबांना तू छातीशी धरून गाडीत बसलास, आणि बैल जोरानं हाकू नको म्हणून गाडीवाल्याला दोनदा बजावलंस. मी कोपऱ्यापर्यंत पाहत होती. लाजायचं काय त्यात, मी मोठ्यानं हसत होती, भर रस्त्यात, आणि या वेळेला ज्याला ऐकायचं होतं त्यानं ऐकलं.

आज सकाळी हिरालालला बोलावून आणलं. म्हटलं, आठवी ओळ लिही. त्यानं विचारलं, मिला शब्द? मी सांगितलं आणि त्यानं लिहिलं. त्यानं खाली उतरून, मान वाकडी करून वाचलं आणि म्हणाला, बाई, ये तो खोली का नाम ही नहीं हुआ. मी म्हटलं, आमच्यात असंच म्हणतात. गिरणीवरच्या बायांना वाचून दाखवलं, त्यांना सातही ओळींपेक्षा हीच चटकन कळली. त्यांच्या घरीही गाठोडी बांधतात.

मी लग्नाच्या तीन दिवस आधी येते. यंत्र, काचा, लाल कंदील सगळं घेऊन येते. माजघरातला तो कोपरा माझ्यासाठी रिकामा करून ठेव, वहिनीला सांग. पाटावर बाबा बसतील, शामकला हळद लावेल, त्याचा मी फोटो काढीन, आणि तिथंच, आपल्या घरात, धुवीन. गावाला पाहायचं असेल तर गावानं ओसरीवर बसून थांबावं. राखणीला तू आहेसच.

मला न्यायला जागेश्वरला धाडशील तर एवढं कर. त्याला वाचता येत नाही, म्हणून ती आठवी ओळ निघताना त्याच्याकडून तीनदा म्हणून घे. मोड येऊन राहिले, दार उघडू नये.

तुझी बहीण
धनवंता